चांदीच्या चमच्यावरची अक्षरे कोणाची?

समजा, आपल्या हातात एक जुना चांदीचा चमचा आहे. पुढून पाहिला तर साधाच. पालथा केला की दांड्याच्या मागे मुगाच्या दाण्याएवढे पाच ठसे दिसतात. एकात पंजा उचलून चालणारा सिंह, दुसऱ्यात मुकुट घातलेल्या श्वापदाचे समोरून दिसणारे तोंड, तिसऱ्यात रोमन लिपीतले लहान ‘एम’, चौथ्यात बाजूने दिसणारे माणसाचे डोके आणि पाचव्यात वळणदार लिपीत ‘एच बी’ ही दोन अक्षरे. चमच्यावर ना कोणाचे पूर्ण नाव, ना साल, ना गाव. तरीही जाणकार माणूस भिंग लावून थोड्याच वेळात सांगतो : हा चमचा लंडनमध्ये १७८७-८८ साली तपासला गेला, त्यात ९२.५ टक्के चांदी आहे, त्यावरचा सरकारी कर भरलेला आहे आणि तो हेस्टर बेटमन या बाईंच्या कारखान्यातून आला आहे.

हे त्याला कसे कळते? आणि तो ‘कारखान्यातून आला’ असे म्हणतो, ‘बाईंनी घडवला’ असे का म्हणत नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना थोडे रसायनशास्त्र, थोडे अंकगणित आणि बरेचसे तर्कशास्त्र वापरावे लागते. म्हणूनच हा विषय शिक्षकांच्या कामाचा आहे.

ठसे आले कशासाठी?

शुद्ध चांदी मऊ असते. तिचा चमचा सहज वाकतो, भांड्याला पोचे पडतात. म्हणून तिच्यात थोडे तांबे मिसळतात. पण थोडे म्हणजे किती? तांबे चांदीपेक्षा खूप स्वस्त. सोनाराने थोडे जास्त हीण घातले तर गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही. ही अडचण सगळ्या देशांत सारखीच. आपल्या भाषेतले ‘कस’, ‘हिणकस’, ‘बावनकशी’ हे शब्द याच अडचणीतून आले आहेत.

इंग्लंडमध्ये या अडचणीवर कायद्याने उपाय झाला. १३०० साली राजा पहिला एडवर्ड याने हुकूम काढला, की चांदीच्या वस्तूंचा कस नाण्यांच्या चांदीपेक्षा, म्हणजे ‘स्टर्लिंग’ चांदीपेक्षा, कमी असता कामा नये. सोनारांच्या संघाच्या पंचांनी दुकानोदुकानी जाऊन वस्तू तपासायच्या आणि ज्या उतरतील त्यांवर बिबट्याच्या मुखाचा ठसा मारायचा. (नावात बिबट्या असला तरी चित्र समोर पाहणाऱ्या सिंहाचे आहे.) पुढे हाच ठसा लंडनची खूण झाला.

हे स्टर्लिंगचे प्रमाण कोठून आले? इंग्रजी ट्रॉय वजनात १ पौंड म्हणजे १२ औंस आणि १ औंस म्हणजे २० पेनीवेट. एकूण २४० पेनीवेट. त्यात चांदी ११ औंस २ पेनीवेट, म्हणजे २२२ पेनीवेट, आणि तांबे १८ पेनीवेट. २२२ भागिले २४० बरोबर ०.९२५. आज दागिन्यांवर ‘९२५’ हा आकडा दिसतो तो या जुन्या वजनांचा वारस आहे.

१३६३ साली पुढचा कायदा आला. प्रत्येक मुख्य सोनाराने स्वतःचा ठसा ठेवायचा आणि आपल्या मालावर तो मारायचा. कारागिराच्या ठशाची ही सुरुवात. पण चित्रकार चित्राखाली सही करतो तसा हा प्रकार नव्हता. माल हिणकस निघाला तर कोणाला धरायचे, हे कळावे म्हणून हा ठसा होता.

१४७८ साली तपासणीचे काम लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉल या संघाच्या इमारतीत होऊ लागले. सोनारांनी माल ‘हॉल’मध्ये आणायचा, तेथे पगारी तपासनीस त्याचा कस काढणार. ‘हॉलमार्क’ हा शब्द येथून आला. त्याच वेळी दर वर्षी बदलणारे एक अक्षर ठशांत आले. त्याचाही हेतू वस्तूचे वय सांगणे हा नव्हता. खोटा कस पास झाला तर त्या वर्षी तपासणीला कोण होता, हे शोधता यावे म्हणून ते अक्षर. सोनार जबाबदार आणि सोनाराला तपासणाराही जबाबदार, अशी ही व्यवस्था होती. १५४४ साली त्यात चालणारा सिंह आला. पुढे तो स्टर्लिंग कसाची खूण ठरला.

कस कसा काढत?

सोन्यासाठी आपले सराफ काळ्या कसोटीवर रेघ ओढून पाहत आले आहेत. चांदीला ही युक्ती फारशी लागू पडत नाही. ९० टक्के आणि ९२ टक्के चांदीच्या रेघांतला फरक सहज दिसत नाही. म्हणून तपासनीस वस्तूचा थोडा कीस काढून तोलत. तो शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या छोट्या मुशीत ठेवून भट्टीत तापवत. तापलेल्या शिशाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पातळ ऑक्साइड बनते. तांब्याचेही ऑक्साइड होते आणि ते शिशाच्या ऑक्साइडात मिसळते. राखेची सच्छिद्र मूस हे सारे शोषून घेते. चांदीचे ऑक्साइड या तापमानाला टिकत नाही, त्यामुळे मुशीत चांदीचा चकचकीत मणी तेवढा उरतो. मण्याचे वजन भागिले आधीच्या किसाचे वजन, हाच कस.

१८३२ साली गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने अधिक सोपी रीत प्रसिद्ध केली. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची आणि त्यात मोजून मिठाचे द्रावण घालायचे. पांढरे सिल्व्हर क्लोराइड खाली बसते. साका येणे थांबले, की किती मीठ लागले त्यावरून चांदी किती ते काढायचे. चांदीचा अणुभार १०८ आणि मिठाचा रेणुभार ५८.५ धरला, तर १ ग्रॅम शुद्ध चांदीला सुमारे ०.५४२ ग्रॅम मीठ लागते आणि १ ग्रॅम स्टर्लिंगला सुमारे ०.५०१ ग्रॅम. दहावी-अकरावीच्या वर्गाला हे गणित जरूर द्यावे. वस्तूला ओरखडाही न काढता क्ष-किरणांच्या साहाय्याने घटक मोजणारी यंत्रे आता आली आहेत.

चार ठशांतून साल

आता आपल्या चमच्याकडे वळू. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग कस. श्वापदाचे तोंड म्हणजे लंडन. ते दुसरे काही असते तर गाव बदलले असते : बर्मिंगहॅमची खूण नांगर, शेफील्डची मुकुट (ही दोन कार्यालये १७७३ साली सुरू झाली), एडिंबरोची किल्ला. शेफील्डने १९७५ पासून मुकुट सोडून गुलाबाचे फूल घेतले. युनायटेड किंग्डममध्ये आज हीच चार कार्यालये चालू आहेत. चेस्टर, एक्सेटर, न्यूकॅसल, ग्लासगो वगैरे बंद झाली, पण त्यांचे ठसे जुन्या वस्तूंवर भेटतात.

अक्षराचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. लंडनमध्ये ‘ए’पासून ‘यू’पर्यंत, ‘जे’ वगळून, वीस अक्षरे वापरत. वीस वर्षे झाली की लिपीचे वळण बदलून पुन्हा ‘ए’. पण वळणे तरी किती असणार? साधे रोमन लहान ‘एम’ १७३६ नंतरच्या दोनशे वर्षांत लंडनला चार वेळा आले : १७४७, १७८७, १८२७ आणि १९०७ साली. मग आपला चमचा यांतला कोणता?

येथे चौथा ठसा, माणसाचे डोके, मदतीला येतो. ते राज्यकर्त्याचे डोके आहे. १७८४ साली चांदीवर कर बसला आणि तो भरल्याची पावती म्हणून हा ठसा मारू लागले. १८९० साली कर गेला आणि ठसाही गेला. म्हणजे १७४७ आणि १९०७ बाद. उरली १७८७ आणि १८२७. आता बिबट्याच्या मुखाकडे पुन्हा पाहा. त्याच्या डोक्यावर मुकुट आहे. लंडनच्या ठशातला हा मुकुट १८२१ साली काढून टाकण्यात आला. म्हणून १८२७ बाद. उरले फक्त १७८७. हे अक्षर मे महिन्याच्या अखेरीस बदलत असे, म्हणून ‘१७८७-८८’ असे लिहितात.

एकही ठसा एकट्याने साल सांगत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. प्रत्येक ठसा काही शक्यता खोडतो, आणि सगळ्यांनी खोडून जी उरते ती स्वीकारायची. अक्षराभोवतीच्या चौकटीचा आकारही कालचक्रागणिक बदलतो. तो तक्त्याशी ताडून पाहिला की आणखी एक साक्ष मिळते.

‘एच बी’ म्हणजे कोण?

कारागिराचा ठसा वाचणे हे सगळ्यांत अवघड काम. सुरुवातीला सोनार चित्रे वापरत, कारण वाचता येणारे थोडे. पुढे अक्षरे आली. १६९७ साली कायदा झाला, की आडनावाची पहिली दोन अक्षरे वापरावीत. त्याच वेळी चांदीचा कसही वाढवून ११ औंस १० पेनीवेट, म्हणजे सुमारे ९५.८ टक्के केला गेला, कारण लोक नाणी कातरून आणि वितळवून भांडी करत होते. या कसाला ब्रिटानिया कस म्हणतात. १७२० साली स्टर्लिंग पुन्हा चालू झाले आणि त्याबरोबर नावाची व आडनावाची आद्याक्षरे परत आली. १७३९ साली तर सर्वांना जुने ठसे मोडून वेगळ्या वळणाच्या अक्षरांत नवे ठसे करायला लावले.

याचा परिणाम एका प्रसिद्ध कारागिराच्या बाबतीत पाहा. पॉल द लामेरी हा फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट कुटुंबातला. १७१३ साली त्याने नोंदवलेला ठसा ‘एल ए’ असा, म्हणजे आडनावाची पहिली दोन अक्षरे. तो बरीच वर्षे ब्रिटानिया कसातच काम करत राहिला. १७३३ साली त्याने स्टर्लिंगसाठी ‘पी एल’ नोंदवला आणि १७३९ नंतर वळणदार लिपीतला तिसरा. माणूस एकच, ठसे तीन. ‘एल ए’ पाहून कोणी एल आणि ए आद्याक्षरांचा माणूस शोधू लागला तर तो कधीच सापडणार नाही.

उलट बाजूही आहे. ठसा एकच वाटावा आणि माणसे अनेक असावीत, हे नेहमीचेच. दोन अक्षरांत कितीशी नावे मावणार? म्हणून अक्षरांखेरीज बाकीचेही पाहावे लागते : लिपी सरळ की वळणदार, दोन अक्षरांमध्ये टिंब आहे का, चौकट चौकोनी, लंबगोल की अक्षरांच्या कडेने कातरलेली, वर मुकुट किंवा तारा आहे का. आणखी एक खाचखळगा म्हणजे ‘जे’ हे अक्षर. त्या काळी जॉन, जेम्स, जोनाथन यांच्यासाठी ठशात बहुधा ‘आय’ कोरत. ‘आय बी’ दिसले तर तो जोनाथन असू शकतो.

हे सारे ताडून कशाशी पाहायचे? गोल्डस्मिथ्स हॉलमधल्या नोंदवह्यांशी. १६९७ पासूनच्या वह्यांत ठशाची छाप, नाव, पत्ता आणि तारीख सापडते. पण मोठी भांडी करणाऱ्यांची १७५८ ते १७७३ या काळातली वही आणि बारीक काम करणाऱ्यांची १७३९ ते १७५८ ही वही हरवली आहे. १७७३ साली पार्लमेंटच्या एका समितीने तेव्हाच्या सोनारांची यादी छापली होती. तिच्यावरून काही पोकळी भरून काढता येते. सर चार्ल्स जॅक्सन यांनी १९०५ साली आणि आर्थर ग्रिमवेड यांनी १९७६ साली या ठशांचे मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. आजही ओळख पटवताना त्यांचाच आधार घेतात.

आपला वळणदार ‘एच बी’ नोंदला गेला १७६१ साली. हेस्टर बेटमन यांचे पती जॉन हे साखळ्या घडवत. १७६० साली ते क्षयाने वारले आणि त्यांनी आपली हत्यारे मृत्युपत्राने पत्नीला दिली. हेस्टरबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या आणि त्यांना सही करण्याइतकेही लिहिता येत नव्हते. तरीही त्यांनी स्वतःच्या अक्षरांचा ठसा नोंदवला आणि मुलांना हाताशी धरून कारखाना वाढवला. यंत्राने लाटलेल्या पातळ पत्र्याची, मध्यमवर्गाला परवडतील अशी भांडी तेथे होत. १७९० साली त्या निवृत्त झाल्या आणि ठसा बदलला : आधी पीटर आणि जोनाथन ही मुले. जोनाथन वारल्यावर १७९१ साली पीटर आणि जोनाथनची विधवा ॲन. १८०० साली नातू विल्यम सामील. १८०५ पासून पीटर आणि विल्यम. १८१५ पासून एकटा विल्यम. एखाद्या चहादाणीवर पीटर, ॲन आणि विल्यम या तिघांची अक्षरे असतील, तर ती १८०० ते १८०५ या पाच वर्षांतली हे वर्षाचे अक्षर झिजलेले असले तरी कळते.

ठसा एकाचा, हात अनेकांचे

आता दुसरा प्रश्न. हेस्टरबाईंनी हा चमचा घडवला असे का म्हणू नये? कारण ‘एच बी’ ठशाच्या वस्तू हजारोंनी आहेत. त्या घरच्या माणसांनी, उमेदवारांनी आणि पगारी कारागिरांनी केल्या. पॉल स्टोर याचे ‘पी एस’ आजही लिलावात मोठी किंमत मिळवते. १८०७ ते १८१९ या काळात तो राजघराण्याला माल पुरवणाऱ्या रंडेल, ब्रिज अँड रंडेल या पेढीचा मोठा कारखाना चालवत होता. एक जण नमुना काढी, दुसरा साचा करी, तिसरा ओतीव काम करी, चौथा कोरीव. ठसा मात्र स्टोरचा.

कधी तर ठसेवाल्याच्या कारखान्यात ती वस्तू गेलेलीही नसे. १७७० च्या दशकात शेफील्डमध्ये साच्यात दाबून मेणबत्तीची घोडी स्वस्तात होऊ लागली. लंडनचा जॉन कार्टर ती आणून मूळ ठशावर आपला ठसा मारी. भिंगातून पाहिले तर अशा ठिकाणी खालच्या अक्षराची कड डोकावताना दिसते.

म्हणून १९७३ च्या ब्रिटिश हॉलमार्किंग कायद्यात ‘कारागिराचा ठसा’ हा शब्दच नाही. तेथे त्याला पुरस्कर्त्याचा ठसा म्हटले आहे : ज्याने ही वस्तू तपासणीला पाठवली आणि जो तिच्याबद्दल उत्तर देईल, त्याचा. १३६३ च्या कायद्याचा अर्थही हाच होता.

खोटे ठसे

ठशाला किंमत आली की नक्कलही आली. १७२० पासून चांदीवर औंसाला ६ पेन्स कर होता. जड भांड्याला तो बराच बसे. मग काही सोनार एखादी छोटी वस्तू तपासून, थोडा कर भरून घेत, तिचा ठशांचा तुकडा कापत आणि मोठ्या भांड्याच्या बुडाशी झाळून बसवत. नामवंतही यात होते. वर सांगितलेला लामेरी त्यांतलाच. १७५८ साली हा कर उठला. त्याच सुमारास खोटा ठसा मारण्याला देहान्ताची शिक्षा ठरवण्यात आली. १७७३ साली ती १४ वर्षांच्या काळ्या पाण्यावर आणली गेली.

असे झाळलेले ठसे पकडायची एक सोपी युक्ती आहे. ठशांभोवती तोंडाची वाफ सोडायची. धुके धरते तेव्हा झाळीची रेघ क्षणभर वेगळी उठून दिसते, कारण झाळीचा धातू चांदीहून वेगळ्या मिश्रणाचा असतो. दुसरी खूण ओतीव नकलेची : सहा चमच्यांवर सगळे ठसे अगदी त्याच जागी, त्याच तिरपेपणाने आणि एकाच ठिकाणी झिजलेले असतील तर संशय घ्यावा. कारागिराचा ठसा हाताने मारला जाई, तो दर वेळी थोडा हलणारच.

ज्यावर ‘ई पी एन एस’ ही अक्षरे असतात, ती भांडी चांदीची नव्हेत. निकेल-तांबे-जस्ताच्या मिश्रणावर, म्हणजे ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो त्यावर, विजेने चढवलेला तो चांदीचा मुलामा. त्या अक्षरांच्या चौकटी मुद्दाम हॉलमार्कसारख्या केलेल्या असतात, पण त्यांत चालणारा सिंह सापडत नाही.

वर्गात करून पाहा

हा विषय शिकवायला चांदी लागत नाही. प्रत्येक मुलाला आपल्या नावाचे आणि आडनावाचे आद्याक्षर घेऊन खोडरबरावर किंवा बटाट्याच्या कापावर ठसा कोरायला सांगा. एक वही करून त्यात ठसा, नाव आणि तारीख नोंदवा. मग मोजा : किती जणांची अक्षरे तीच आली? चाळीसांच्या वर्गात एक तरी जोडी बहुधा निघतेच, कारण ‘स’, ‘प’, ‘म’ यांसारख्या अक्षरांनी सुरू होणारी नावे फार. त्या जोड्यांना चौकट किंवा वळण बदलायला सांगा. दुसऱ्या दिवशी मुलांनी न कळत दिलेले ठसे वहीवरून ओळखायचे. तिसऱ्या दिवशी वहीची चार पाने काढून ठेवा आणि आता काय करता येईल ते विचारा. कोणी म्हणेल, हजेरीपटावरून शोधू. १७७३ च्या यादीचा उपयोग काय झाला, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची हॉलमार्क योजना २००० साली सोन्यासाठी आणि २००५ साली चांदीसाठी आली. पूर्वी सोन्याच्या दागिन्यावर सराफाची खूण वेगळी असे. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या सोन्यावर ब्युरोचे चिन्ह, कस आणि सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो. प्रत्येक दागिन्याचा क्रमांक वेगळा, त्यामुळे ‘एच बी’सारखा घोटाळा उरला नाही. मुलांना घरी मोठ्या माणसांच्या देखत एखाद्या अंगठीच्या आतली बाजू भिंगाने पाहायला सांगा. त्या खुणा उतरवून आणल्या की वर्गात एकच प्रश्न विचारावा : यांतली कोणती खूण वस्तूबद्दल सांगते आणि कोणती खूण जबाबदार माणसापर्यंत नेते?